शेवाळाचे विरजण

प्राणी वनस्पती खातात, हे शाळेत पाऊल न टाकलेल्या मुलासही ठाऊक असते. वनस्पतीही प्राण्यांस खातात, ही गोष्ट मात्र प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. आणि एकदा ऐकली म्हणजे ती प्रत्यक्ष पाहिल्यावाचून त्याचे समाधान होत नाही. चार्ल्स डार्विनसारख्या शास्त्रज्ञाचीही हीच गत झाली. 1860 सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील एका माळावर दवबिंदूच्या जातीच्या चिमुकल्या वनस्पतीच्या पानांस चिकटलेले कीटक त्याच्या दृष्टीस पडले. त्या दिवसापासून सुरू झालेले त्याचे कुतूहल पंधरा वर्षे टिकले, आणि 1875 साली त्याने कीटकभक्षक वनस्पतींवर एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला.

आमच्या शाळेतील पुष्कळ मुले कर्वेनगर व त्याच्या आसपासच्या वस्तीतून येतात. अलीकडे त्यांपैकी काहींच्या घरी, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा गच्चीच्या कोपऱ्यात, अशी एखादी कीटकभक्षक वनस्पती येऊन बसली आहे. कोणाकडे पानांचा जबडा मिटणारा व्हीनस फ्लायट्रॅप आहे, कोणाकडे पानाच्या टोकाशी सुरईसारखा घट धरणारी घटपर्णी आहे. झाडाबरोबर एक मागणीही घरात येते. विकणारा सांगतो, "हिला बागेतली माती चालावयाची नाही; जिवंत स्फॅग्नम मॉस आणा." मग मुले पालकांस विचारतात व पालक आम्हांस विचारतात, की हे मॉस मिळते तरी कोठे? या प्रश्नाचे उत्तर एका दुकानाच्या नावाने देता येण्याजोगे नाही. ते कोठे मिळते, याच्या अगोदर ते कोठून येते हे पाहिले पाहिजे. तेवढ्यासाठी हा पाठ लिहिला आहे.

हे शेवाळ आहे तरी काय?

मराठीत आपण ओल्या भिंतीवरील हिरव्या थरालाही शेवाळ म्हणतो आणि विहिरीतल्या हिरव्या तंतूंसही शेवाळच म्हणतो. स्फॅग्नम हे त्यांपैकी पहिल्या कुळातले, म्हणजे ज्यांस फूल नाही, बी नाही आणि खरे मूळही नाही, अशा मॉस-वर्गातले होय. त्याच्या पुष्कळ जाती आहेत व त्यांतील बहुतेक थंड, पाणथळ प्रदेशांत वाढतात. प्रत्येक रोपाच्या शेंड्यास बारीक फांद्यांचा एक झुपका असतो. रोप या झुपक्यातून वर वर वाढत जाते आणि खालच्या बाजूने मरत जाते. वरचा भाग जिवंत व खालचा मृत, अशी ही वाढ शेकडो वर्षे चालू राहू शकते.

याचे पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहणे हा विज्ञानशाळेतील एक मोठा आनंद आहे. पानात दोन प्रकारच्या पेशी दिसतात. एक हिरव्या, अरुंद व जिवंत. त्यांची जाळी विणलेली असते. त्या जाळीच्या घरांत दुसऱ्या मोठ्या, पोकळ व मृत पेशी बसविलेल्या असतात. या पोकळ पेशींच्या भिंतींस छिद्रे असतात, आणि त्या मिटून जाऊ नयेत म्हणून आतून दोऱ्याच्या वेढ्यांसारखा आधार असतो. पाणी छिद्रांतून आत शिरते व तेथेच राहते. या रचनेमुळे स्फॅग्नम आपल्या कोरड्या वजनाच्या पंधरा ते वीस पट पाणी धरून ठेवू शकते. उत्तम सुती कापडासही ते साधत नाही. म्हणूनच पहिल्या महायुद्धात कापसाचा तुटवडा पडला, तेव्हा ब्रिटनमध्ये गावोगावच्या लोकांनी दलदलींतून हे शेवाळ वेचून जखमांवर बांधण्याच्या गाद्या तयार केल्या. 1918 च्या सुमारास अशा गाद्या दरमहा दहा लाखांच्या संख्येने इस्पितळांकडे रवाना होत असत.

याचा दुसरा गुण असा, की ते भोवतालच्या पाण्यातील क्षारांचे कण स्वतःकडे ओढून घेते व त्यांच्या बदल्यात आम्लाचे कण पाण्यात सोडते. त्यामुळे त्याच्या सान्निध्यातील पाणी आंबट व निःसत्त्व होते. अशा पाण्यात सामान्य झाडांचा निभाव लागत नाही. येथेच कीटकभक्षक वनस्पतींचे रहस्य आहे. जमिनीत नत्र व स्फुरद जवळजवळ नसल्यामुळे या वनस्पतींनी ती उणीव कीटकांच्या शरीरातून भरून काढण्याची युक्ती साधली. अन्न तयार करण्याचे काम त्यांची हिरवी पाने इतर झाडांप्रमाणेच सूर्यप्रकाशात करतात. माशी ही त्यांची भाकरी नव्हे, तर खत होय. ज्यास आपण बागेत सकस माती म्हणतो, ती त्यांच्या मुळांस सोसत नाही.

एक नाव, अनेक वस्तू

बाजारात "मॉस" या एका नावाखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. त्यांतील भेद समजल्यावाचून खरेदी करणे म्हणजे डोळे झाकून दूध घेणे होय.

पहिली वस्तू जिवंत स्फॅग्नम. ते हिरवे, कधी लालसर असते व शेंड्याचे झुपके टवटवीत दिसतात. दुसरी वस्तू वाळविलेले स्फॅग्नम. ते फिकट पिवळट, लांब तंतूंचे असून दाबून विटेसारखे बांधलेले येते. त्यात कधी कधी जीव शिल्लक असतो, व महिनोन्‌महिने ओले राहिल्यास एखादा हिरवा कोंब फुटतो. परंतु त्याची खात्री नसते. तिसरी वस्तू पीट. शेकडो वर्षे साचून दबलेल्या मृत शेवाळाचा तो तपकिरी भुगा होय. चौथी वस्तू स्फॅग्नमच नव्हे. हिमालयाच्या पायथ्याकडील डोंगरांत झाडांच्या बुंध्यांवरचे व खडकांवरचे इतर जातींचे मॉस गोळा केले जाते. पॅकिंगसाठी व वेलांच्या काठ्या गुंडाळण्यासाठी ते वापरतात. तेही "मॉस" या नावानेच विकले जाते, परंतु कीटकभक्षक वनस्पतींस त्याचा उपयोग नाही.

या सर्वांत पीटचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहण्याजोगा आहे. चांगल्या दलदलीत पीटचा थर वर्षाला साधारणपणे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक 1674 साली झाला. तेव्हापासून आजपर्यंत साडेतीनशे वर्षांत जो थर साचला असेल, तो साडेतीनशे मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दीड वीत. यंत्राच्या फावड्यास तो उचलावयास एक क्षण पुरतो. आपल्या देशात नीलगिरीच्या माथ्यावरील पीटच्या थरांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी गेल्या वीस हजार वर्षांतील हवामानाचे चढउतार शोधून काढले व ते 1993 साली प्रसिद्ध केले. ज्या वस्तूस आपण कुंडीतला भुगा समजतो, ती एक बखर आहे. शिवाय जगाच्या जमिनीपैकी सुमारे तीन टक्के भागच अशा पीटभूमीचा असला, तरी जगातील सर्व अरण्यांच्या झाडांत मिळून जेवढा कार्बन साठलेला आहे, त्याहून अधिक तिच्यात आहे. पीटभूमी खणून वाळविली म्हणजे तो हळूहळू हवेत जातो.

ते येते कोठून?

स्फॅग्नमचा व्यापार दक्षिण गोलार्धातील दोन देशांत विशेष आहे : न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा आणि दक्षिण अमेरिकेतील चिली. चिलीतील चिलोए नावाच्या बेटाची हकीकत आपण पुणेकरांनी मुद्दाम ऐकावी. त्या बेटावर बर्फाच्छादित पर्वत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाचे पाणी नद्यांस मिळत नाही. पावसाचे पाणी शेवाळाच्या दलदली स्पंजाप्रमाणे धरून ठेवतात व ते सावकाश ओढ्यांत सोडतात. तेथील गरीब शेतकरी हे शेवाळ काढून, वाळवून व्यापाऱ्यास विकतात आणि ते आगबोटीने दूरदेशी, मुख्यतः ऑर्किडच्या कुंड्यांसाठी जाते. शेवाळ खोलवर ओरबाडले गेले म्हणजे पाणी धरणारा स्पंजच नाहीसा होतो. उन्हाळ्यात त्या बेटावरील खेड्यांस टँकरने पाणी पुरवावे लागते. टँकर म्हणजे काय, हे कर्वेनगरच्या मुलास सांगावयास नको.

या गोष्टीची दखल चिलीच्या सरकारने घेतली. 2018 साली असा नियम झाला, की शासनाने मान्य केलेल्या योजनेप्रमाणेच शेवाळ काढावे. 2024 साली पीटभूमीच्या रक्षणाचा कायदा होऊन पीट खणण्यास मनाई झाली. यात वेचणाऱ्या शेतकऱ्यास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तो पोटासाठी वेचतो. थोड्या जागेतून, वरचा थर तेवढा घेऊन आणि पुन्हा वाढण्यास कित्येक वर्षांची उसंत देऊन जो वेचतो, त्याची दलदल जिवंत राहते. दोष असेल तर तो न विचारता घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा आहे.

आपल्या देशात स्फॅग्नम हिमालयाच्या पूर्व भागात, मेघालयाच्या टेकड्यांवर आणि दक्षिणेत नीलगिरी व पळणीच्या थंड माथ्यांवर उगवते. या जागा थोड्या व लहान आहेत. मेघालयात तर त्याच प्रदेशात भारताची स्वतःची घटपर्णी, नेपेंथिस खासियाना, राहते. शौकिनांनी ती मुळासकट उपटून नेण्याचा धोका ओळखून, 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात जी थोडी झाडे संरक्षित म्हणून घातली आहेत त्यांत तिचा समावेश झाला, व आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही तिला सर्वांत कडक यादीत स्थान मिळाले. दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा येथे केवळ तिच्यासाठी राखलेले एक अभयारण्य आहे. व्हीनस फ्लायट्रॅपची गोष्ट निराळी नाही. साऱ्या जगात तो रानटी स्थितीत अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण कॅरोलायना या दोन राज्यांच्या एका लहानशा पट्ट्यातच उगवतो, आणि रानातून त्याची चोरी करणे हा उत्तर कॅरोलायनात 2014 च्या डिसेंबरपासून गंभीर गुन्हा ठरला आहे. तेव्हा झाड बागेत वाढविलेले हवे आणि त्याची गादीही बागेत वाढविलेली हवी, हे एकाच न्यायाचे दोन भाग होत.

कासच्या पठारावरचा धडा

दूरदेशीच्या गोष्टी ऐकून आपले घर विसरू नये. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे 25 किलोमीटरवर कासचे पठार आहे. 2012 साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर त्याची जागतिक वारशात गणना झाली. त्या पठारावर जांभ्या खडकावर बोटभर मातीचा थर असतो. पावसाळ्यात तेथे पाणी साचते, मातीतील सत्त्व धुऊन जाते आणि भाद्रपदाच्या सुमारास फुलांचे गालिचे पसरतात. त्या गालिच्यांत जी निळी-जांभळी फुले "सीतेची आसवे" या गोड नावाने ओळखली जातात, ती एक कीटकभक्षक वनस्पती आहे. तिच्या जमिनीखालच्या भागास टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान पिशव्या असतात. पिशवीतील पाणी बाहेर काढून टाकलेले असते. सूक्ष्म जीवाचा स्पर्श दाराच्या केसास होताच दार उघडते व पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो. हा सारा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या अल्प काळात होतो. जवळच, ओल्या मातीत, पानांवर चिकट थेंब धरून दवबिंदू उभा असतो.

आता विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. सीतेच्या आसवांस वा दवबिंदूस कासच्या खडकावर स्फॅग्नमची गादी कोणी अंथरलेली नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या ती तेथे सुखाने नांदत आहेत. यावरून काय ठरते? कीटकभक्षक वनस्पतीस खरी गरज असते ती स्वच्छ, क्षाररहित पाण्याची, निःसत्त्व मातीची आणि भरपूर उजेडाची. स्फॅग्नम या तिन्हींपैकी पहिल्या दोन गोष्टी एकदम पुरविते, म्हणून ते सोईचे आहे. परंतु सोय आणि गरज यांतील भेद ओळखणे हे सुशिक्षिताचे लक्षण होय.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. पावसाळी सहलीस गेलेली मंडळी कधी कधी दवबिंदूचे रोप मातीच्या ढेकळासह उचलून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी आणतात. आठवड्याभरात ते रोप काळे पडते. कासचा दवबिंदू हे एका पावसाळ्याचे झाड आहे. तो फुलतो, बी टाकतो व मरतो. पुढील वर्षाचे सारे भांडवल त्या बीमध्ये असते. फुलण्यापूर्वी उपटलेले एक रोप म्हणजे एकच रोप नव्हे, तर त्याची पुढची सारी वंशवेल. शिवाय ते पठार राखीव वन आहे. तेथून वही भरून चित्रे आणावी, छायाचित्रे आणावी, पण पान तोडून आणू नये.

विकत घेण्यापूर्वी

इतके जाणूनही ज्यांस जिवंत स्फॅग्नम हवे असेल, त्यांनी विकणाऱ्यास काही साधे प्रश्न विचारावे. हे मॉस आपण स्वतः तबकात वाढविले आहे काय? वाढविले असल्यास ते तबक दाखवाल काय, निदान त्याचे छायाचित्र? मूळ चिमूट आपणांस कोणाकडून मिळाली? जो खरोखर वाढवितो, त्यास हे प्रश्न आवडतात. तो अर्धा तास बोलत बसतो. जो कोठूनतरी पोत्याने आणवितो, तो म्हणतो, "इंपोर्टेड आहे, साहेब," आणि विषय बदलतो.

वस्तूकडे पाहूनही काही अनुमान काढता येते. तबकात वाढविलेले मॉस बहुधा एकसारखे, एकाच उंचीचे व स्वच्छ असते. रानातून ओरबाडलेल्या मॉसात गवताची मुळे, लव्हाळ्याचे तुकडे, चिखल, कुजकी पाने व इतर जातींची शेवाळे मिसळलेली आढळतात. हे अनुमान अचूकच ठरेल असे नाही. परंतु प्रश्नांच्या उत्तराशी ते ताडून पाहता येते. परदेशातून टपालाने जिवंत मॉस मागविण्याचा मोह कोणी धरू नये. 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशान्वये जिवंत वनस्पती आणण्यास आयात-परवाना व निघालेल्या देशाचे आरोग्य-प्रमाणपत्र लागते. परक्या मातीबरोबर परके कीटक व रोग येतात, आणि ते एका कुंडीत राहत नाहीत.

मात्र सर्वांत उत्तम मार्ग खरेदीचा नाही. आपल्या आया-आजींना तो फार पूर्वीपासून ठाऊक आहे. घरी दही लावावयाचे असले, तर कोणी दह्याचे मडके विकत आणीत नाही. शेजारच्या काकूंकडे वाटी घेऊन जातो आणि चमचाभर विरजण मागतो. जिवंत स्फॅग्नम हे नेमके विरजण आहे. ते मापाने घ्यावयाची वस्तू नसून चिमटीने घ्यावयाची आहे, कारण त्याच्या प्रत्येक शेंड्यात नवे रोप होण्याची शक्ती असते. कॅनडात खणून उजाड झालेल्या पीटभूमी पुन्हा जिवंत करण्यासाठी शास्त्रज्ञ याच गुणाचा उपयोग करतात. चांगल्या दलदलीच्या एका वाफ्यातील वरचा थर घेऊन तो दहा वाफ्यांवर विखुरतात, वर पेंढा पसरतात, आणि काही वर्षांत ती जमीन हिरवी होते. जर्मनीच्या वायव्य भागात 2011 पासून स्फॅग्नमची शेती करण्याचेही प्रयोग झाले आहेत. दलदलीतून न काढता शेतातून काढलेले शेवाळ, ही कल्पना आता स्वप्नातली राहिलेली नाही.

कर्वेनगरच्या गच्चीवर

कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. येथल्या उजाड माळावर अण्णासाहेब कर्वे यांनी 1900 साली आपला आश्रम आणला, तेव्हा झोपडीपासून आरंभ झाला. आज तेथे इमारतींच्या गच्च्यांस गच्च्या लागल्या आहेत. आमच्या पाठास या गच्च्या फार उपयोगी आहेत, कारण स्फॅग्नमास हवे असलेले पाणी आकाशातून थेट त्यांच्यावर पडते.

पुण्याचा वार्षिक पाऊस सरासरीने सुमारे 700 मिलिमीटर आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. तेव्हा एक चौरस मीटर गच्चीवर वर्षाला सुमारे 700 लिटर पाणी पडते. एका तबकास रोज अर्धा लिटर पाणी लागते असे धरले, तरी वर्षाचे 183 लिटर होतात. अर्थात् चौरस मीटरभर गच्चीचे पाणी तीन तबकांस पुरून उरेल. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी धूळ धुऊन आणते म्हणून सोडून द्यावे. त्यानंतरचे झाकणाच्या पिंपात साठवावे. पिंपाचे झाकण घट्ट असावे, नाहीतर डासांची पैदास होईल.

आता बोअरवेलच्या पाण्याचा हिशेब करू. ते दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपताना क्षार घेऊन येते. समजा, एका लिटरात 400 मिलिग्रॅम क्षार आहेत, आणि पावसाळ्याबाहेरच्या 200 दिवसांत आपण त्या तबकास 100 लिटर पाणी घातले. पाणी वाफ होऊन उडून जाते, क्षार मागे राहतात. 100 लिटरांत 40 ग्रॅम क्षार, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे मीठ, त्या उथळ तबकात साठले! शेवाळ पिवळे पडून मरते ते याच कारणाने, आणि दोष मात्र मॉसला दिला जातो. क्षार मोजण्याचे लहानसे यंत्र बाजारात मिळते. त्यावर लिटरास 50 मिलिग्रॅमच्या आत आकडा आला तर ते पाणी वापरावे. घरातील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडते, त्यात क्षार अधिकच असतात. ते या कामास कधीही घेऊ नये.

तबक तयार करण्याची रीत येणेप्रमाणे. प्लास्टिकचे उथळ तबक घ्यावे. सिमेंटचे किंवा धातूचे नको. तळाशी पावसाच्या पाण्याने धुतलेल्या जाड, चुनखडी नसलेल्या वाळूचा दोन बोटे थर द्यावा. विरजण म्हणून मिळालेल्या मॉसचे शेंडे दोन-तीन सेंटिमीटरचे कापून, वाळूवर एकमेकांपासून थोड्या अंतरावर ठेवावे व हलकेच दाबावे. पाण्याची पातळी वाळूच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली राहील असे पाहावे. वर पारदर्शक झाकण तिरपे ठेवावे, म्हणजे ओलावा राहील व वाराही लागेल. खत मुळीच घालू नये. सकाळचे कोवळे ऊन चालते. दुपारचे ऊन लागू देऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत, घरात ज्या जागी माठातले पाणी सर्वांत गार राहते, अशा वाऱ्याच्या पण उजेडाच्या जागी तबक हलवावे. पुण्याचा उन्हाळा हा या शेवाळाचा खरा शत्रू आहे. म्हणून आरंभ जूनमध्ये करावा, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी त्यास आठ-नऊ महिने वाढावयास मिळतात.

वाढ सावकाश होते. पहिले काही आठवडे काहीच होत नाही असे वाटेल. घाई करू नये. मॉस दाटले म्हणजे त्यात फ्लायट्रॅपचे रोप लावता येते. पुढे कधी मॉस इतके चढते, की लहानसा दवबिंदू त्यात बुडून जातो. तेव्हा शेंडे कात्रीने कापावे व बुंधा तसाच ठेवावा. कापलेले शेंडे म्हणजे पुढच्या तबकाचे विरजण. ते दुसऱ्यास द्यावे. ज्यांस जिवंत मॉस मिळत नाही, त्यांनी नारळाच्या काथ्याचा भुगा, ज्यास कोकोपीट म्हणतात, तो वापरून पाहावा. तो आपल्या कोकणातल्या व केरळातल्या नारळांपासून होतो व त्यासाठी दलदल खणावी लागत नाही. परंतु त्यात क्षार असतात, म्हणून पावसाच्या पाण्यात चार-पाच वेळा भिजवून पिळून घेतल्याशिवाय तो उपयोगी नाही. घटपर्णीस तो मानवतो. फ्लायट्रॅपच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी.

पालकांसाठी एक सूचना. स्फॅग्नमवर कधी कधी एक बुरशी असते, व ती त्वचेच्या जखमेतून शरीरात शिरल्यास चिवट फोड येतात. 1988 साली अमेरिकेत रोपे अशा मॉसात गुंडाळून पाठविली गेली असता 84 जणांस हा विकार झाला होता. भिण्याचे कारण नाही. हातमोजे घालावे, बोटास जखम असल्यास काम मुलाकडे देऊ नये, आणि शेवटी साबणाने हात धुवावे.

येत्या पावसाळ्यात आमच्या विज्ञानशाळेच्या उत्तरेकडील खिडकीत असे एक तबक मांडण्याचा आमचा विचार आहे. ते दाटले, की कर्वेनगरच्या ज्या मुलास हवे असेल त्यास चिमूटभर शेंडे मिळतील. अट एवढीच, की त्याने वर्षाअखेरीस आपल्या तबकातील चिमूटभर दुसऱ्या कोणास द्यावे व त्याचे नाव आमच्या वहीत लिहून जावे. या रीतीने दहा वर्षांत किती घरांत हे शेवाळ पोहोचेल, याचे गणित आठवीच्या मुलांनी मांडावे. प्रत्येक मुलगा वर्षातून एकासच देतो असे धरले, तरी उत्तर पाहून त्यांस आश्चर्य वाटेल. आणि त्या साऱ्या घरांसाठी चिलोएच्या दलदलीतून एक मूठही काढावी लागलेली नसेल.